वरचं काडतूस

बुऱ्हाणपूरच्या सिंधीपुऱ्यात बसून नकाशा उघडला, तर शे-दोनशे किलोमीटरच्या टापूत पिस्तुलाच्या तीन वेगळ्या दुनिया सापडतात. भुसावळजवळच्या वरणगावात सरकारी आयुध निर्माणी आहे; तिथे लहान शस्त्रांची काडतुसं बनतात. इंदूरजवळ महूला लष्कराची मार्क्समनशिप युनिट आहे. तिथे घडलेल्या विजय कुमारने 3 ऑगस्ट 2012 रोजी लंडन ऑलिंपिकमध्ये 25 मीटर रॅपिड फायर पिस्तुलात रौप्यपदक मिळवलं. आणि खुद्द बुऱ्हाणपूर जिल्ह्यात, खकनार भागात, पाचोरी आहे. गावठी पिस्तुलांच्या प्रकरणांत हे नाव अनेक राज्यांच्या पोलिसांच्या कागदपत्रांत येतं.

या तिन्ही ठिकाणी एकच यांत्रिक प्रश्न सोडवावा लागतो. मॅगझिनमधलं सर्वांत वरचं काडतूस नळीच्या मागच्या कप्प्यात, म्हणजे चेंबरमध्ये, प्रत्येक वेळी बिनचूक कसं पोचवायचं? नवं पिस्तूल घेऊन रेंजवर गेलेल्या नेमबाजाची पहिली तक्रार बहुधा याच टप्प्याची असते. दोन गोळ्या नीट सुटतात, तिसऱ्या वेळी नळीवरचा सरकता भाग, म्हणजे स्लाइड, अर्धवट अडकतो. पिस्तूल महागाचं असतं, परवान्यासाठी बराच काळ थांबावं लागलेलं असतं, त्यामुळे पहिला संशय पिस्तुलावरच जातो. बहुतेक वेळा तो चुकीचा ठरतो.

आधी आत काय घडतं ते पाहायला हवं. चाप ओढला की गोळी पुढे जाते आणि तिच्या धक्क्याने स्लाइड मागे ढकलली जाते. मागे जाताना स्लाइडवरची एक छोटी आकडी, एक्स्ट्रॅक्टर, रिकाम्या पुंगळीच्या बुडाची कड धरून तिला चेंबरमधून ओढते. इजेक्टर नावाच्या उंचवट्यावर आदळून ती पुंगळी स्लाइडच्या बाजूच्या खिडकीतून बाहेर उडते. या काळात मॅगझिनची स्प्रिंग खालची काडतुसं वर लोटत असते. स्लाइड पूर्ण मागे जाते, रिकॉइल स्प्रिंग तिला पुढे फेकते आणि पुढे येताना स्लाइड वरच्या काडतुसाच्या बुडाला ढकलत नेते. काडतुसाचं नाक फीड रॅम्प या उतारावर चढून चेंबरमध्ये शिरतं, त्याच्या बुडाची कड आकडीखाली सरकते आणि स्लाइड बंद होते. हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत होतं.

म्हणजे इथे दोन स्प्रिंगांची शर्यत असते. मॅगझिनच्या स्प्रिंगने काडतूस वेळेत वर आणायचं आणि रिकॉइल स्प्रिंगने स्लाइड वेळेत पुढे आणायची. स्लाइड लवकर आली किंवा काडतूस उशिरा पोचलं, तर गाठ चुकते. बुऱ्हाणपूर पॉवरलूमचं शहर आहे, तिथल्या कारागिराला हे वेगळं सांगावं लागणार नाही. धोटा वेळेत पलीकडच्या पेटीत पोचला नाही तर तो सगळा माग उघडून बसत नाही. आधी कांडी, मग धोटा, मग पिकर आणि पट्टा पाहतो. पिस्तुलाची तपासणीही अशीच, सहज बदलता येणाऱ्या वस्तूपासून सुरू व्हायला हवी: आधी मॅगझिन, मग काडतूस, मग धरणारा हात, मग सफाई आणि तेल. पिस्तुलाच्या धातूला हात लावायचा प्रश्न सर्वांत शेवटी.

अडकलेलं पिस्तूल स्वतःच पुरावा असतं, पण माणूस घाईने स्लाइड झटकून तो नाहीसा करतो. ही घाई टाळण्यासारखी आहे. नळी निशाण्याकडेच ठेवायची, बोट चापावरून काढायचं आणि खिडकीतून काय दिसतं ते पाहायचं.

काडतुसाचं नाक खाली झुकून मॅगझिनच्या पुढच्या भिंतीवर किंवा रॅम्पच्या पायथ्याशी टेकलेलं असेल, तर संशय मॅगझिनवर घ्यावा. स्प्रिंग कमजोर असेल, काडतुसं वर उचलणारा आतला फॉलोअर अडखळत असेल, किंवा मॅगझिन खटका लागेपर्यंत वर बसलेलं नसेल. नव्या पिस्तुलात हे शेवटचं कारण फार वेळा निघतं. नवी स्प्रिंग ताठ असते, मॅगझिन पूर्ण भरलेलं असतं, वरून स्लाइड बंद असते. अशा वेळी मॅगझिन हलक्या हाताने सरकवलं तर खटका लागत नाही. एखादं काडतूस कमी भरून पाहिलं की फरक कळतो.

स्लाइड काडतुसाच्या बुडावरून सरकून मधेच त्याच्या अंगावर टेकली असेल, तर एकतर काडतूस वर यायला उशीर झाला, नाहीतर स्लाइड पुरेशी मागे गेलीच नाही. रिकामी पुंगळी खिडकीत उभी अडकलेली दिसली तर स्लाइडच्या मागच्या प्रवासात काहीतरी कमी पडलं आहे: काडतूस दुबळं आहे, रिकॉइल स्प्रिंग त्या काडतुसाच्या मानाने कडक आहे किंवा हात ढिला आहे. काडतूस आत जवळजवळ पूर्ण गेलं, पण स्लाइड शेवटचे दोन-तीन मिलिमीटर बंद होत नाही, तर चेंबरमधली घाण, कोरडेपणा, नव्या भागांचा घट्टपणा किंवा जरा मोठं निघालेलं काडतूस ही कारणं असू शकतात. आणि जुनी पुंगळी चेंबरमध्येच असताना मागून नवं काडतूस येऊन आदळलं असेल, तर तो भरण्याचा दोष दिसला तरी मूळ दोष काढण्याचा आहे. तिथे आकडी पाहायची, मॅगझिन नव्हे. नवशिक्यांचा सर्वाधिक गोंधळ इथेच होतो.

मॅगझिन तपासायचा एक उपाय इतका साधा आहे की बरेच जण तो करतच नाहीत. प्रत्येक मॅगझिनच्या तळावर रंगाने आकडा घालायचा आणि कोणता अडथळा कोणत्या मॅगझिनबरोबर आला ते वहीत लिहायचं. दोष दोन नंबरच्या मॅगझिनबरोबरच फिरत असेल तर पिस्तूल निर्दोष. सगळ्या मॅगझिनमध्ये सारखाच येत असेल तर पुढे काडतुसाकडे वळायचं. अर्धस्वयंचलित पिस्तुलाच्या भागांत मॅगझिन सर्वांत नाजूक. त्याचे वरचे दोन ओठ पातळ पत्र्याचे, आणि काडतूस कोणत्या कोनात, कोणत्या क्षणी सुटेल ते तेच ठरवतात. मॅगझिन फरशीवर पडून ओठ केसभर वाकला, तरी कोन बदलतो.

काडतुसाची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे, आणि भारतीय वाचकाला तर ती नीट कळायलाच हवी. लष्कर आणि पोलीस वापरतात ते 9 मिलिमीटरचं काडतूस सामान्य नागरिकाला मिळत नाही. ते प्रतिबंधित बोअरमध्ये मोडतं. नागरी परवान्यावरचं अर्धस्वयंचलित पिस्तूल बहुधा .32 बोअरचं असतं, सरकारी कारखान्यात बनणारी 'अशनी' त्यातलीच. क्रीडा नेमबाजाच्या हाती .22. ही दोन्ही काडतुसं एका बाबतीत 9 मिलिमीटरपेक्षा अवघड आहेत.

9 मिलिमीटरच्या पुंगळीच्या बुडाची कड अंगाबाहेर येत नाही. .32 ची कड किंचित बाहेर येते, .22 ची तर चांगलीच. मॅगझिनमध्ये काडतुसं एकावर एक रचली जातात तेव्हा वरच्याची कड खालच्याच्या कडेच्या पुढे असायला हवी. ती मागे राहिली तर वरचं काडतूस पुढे निघताना त्याची कड खालच्याच्या कडेत अडकते आणि स्लाइडने कितीही ढकललं तरी ते हलत नाही. .32 मध्ये हे विशेषतः आखूड गोळीच्या काडतुसांत घडतं, कारण मॅगझिनमध्ये पुढे-मागे सरकायला जागा उरते. इथे पिस्तुलात काहीच बिघडलेलं नसतं. भरतानाच प्रत्येक कड योग्य जागी आहे ना ते पाहिलं आणि त्या पिस्तुलाला मानवणाऱ्या लांबीची काडतुसं घेतली, तर बऱ्याच वेळा प्रश्न मिटतो.

.32 चं हे काडतूस अमेरिकी शस्त्र-रचनाकार जॉन ब्राउनिंगने 1899 मध्ये आणलं. पिस्तुलातलं काडतूस वेळेवर कसं पोचवायचं, हा या माणसाच्या आयुष्यभराचा विषय होता. अमेरिकी लष्कराने नवं पिस्तूल निवडताना मार्च 1911 मध्ये अखेरची चाचणी घेतली. ब्राउनिंगने आखलेलं कोल्ट आणि स्पर्धेतलं सॅव्हेज, प्रत्येकी 6000 फैरी. सॅव्हेज 37 वेळा अडलं, कोल्ट एकदाही नाही. तेच पुढे 'मॉडेल 1911' झालं. ही कथा कोल्टच्या कौतुकासाठी नेहमी सांगितली जाते. पण हरलेल्या पिस्तुलाचा हिशोबही विचारात घ्यावा: 6000 मध्ये 37, म्हणजे साधारण 160 फैरींमागे एक अडथळा. आणि तेही एका मोठ्या कारखान्याने लष्करासाठी मेहनतीने बनवलेलं पिस्तूल होतं.

ब्राउनिंग 1926 मध्ये वारला. त्याचं अपुरं राहिलेलं काम बेल्जियमच्या द्यूदोने सेव्हने पुरं केलं आणि 1935 मध्ये 13 काडतुसांच्या दुहेरी मॅगझिनचं 'हाय-पॉवर' बाजारात आलं. याच पिस्तुलाची भारतीय आवृत्ती ईशापूरच्या रायफल फॅक्टरीत 'पिस्तूल ऑटो 9 एमएम 1ए' म्हणून बनू लागली आणि आपल्या फौजा-पोलिसांच्या कमरेला दिसू लागली. जुन्या हाय-पॉवरच्या फीड रॅम्पला एक उंचवटा होता. पूर्ण आवरण असलेली गोल नाकाची लष्करी गोळी त्यावरून सुरळीत जाई, पोकळ नाकाची गोळी ठेचकाळे. पुढच्या आवृत्त्यांत तो उतार बदलावा लागला. जुन्या रॅम्पला बिघडलेला म्हणता येणार नाही. तो एका विशिष्ट नाकाच्या गोळीसाठी आखला होता.

.22 च्या अडचणी आणखी वेगळ्या. त्याची गोळी साधारण 2.6 ग्रॅमची, शिशाची, वरून मेणासारखं वंगण लावलेली. स्फोटक मसाला पुंगळीच्या कडेतच भरलेला असतो, म्हणून पुंगळी पातळच ठेवावी लागते. मऊ शिसं रॅम्पवर घासतं, वंगण चेंबरमध्ये साचतं, आणि थंडीत ते घट्ट झालं की काडतूस आत शिरताना अडखळतं. काडतुसाचा जोरही बेताचाच, त्यामुळे स्लाइड मागे नेण्यासाठी शिल्लक ताकद थोडी. म्हणूनच स्पर्धेतले नेमबाज एकाच कंपनीच्या काडतुसांचे वेगवेगळे लॉट आपल्या पिस्तुलातून चालवून पाहतात. गोळ्यांच्या गटाचा घट्टपणा पाहायचा असतोच, पण हे काडतूस आपल्या स्प्रिंगशी जुळतं का, हेही पाहायचं असतं.

काडतूस अडलं तर काय होतं, हे 25 मीटरच्या स्पर्धेइतकं कठोरपणे दुसरीकडे कुठे दिसत नाही. लंडनमध्ये विजय कुमारच्या अंतिम फेरीत पाच-पाच गोळ्यांच्या मालिका होत्या, प्रत्येक मालिकेला चार सेकंद, आणि 9.7 पेक्षा कमी गुण म्हणजे शून्य. त्याने 40 पैकी 30 अचूक मारल्या. क्यूबाच्या लेउरिस पुपोने 34 मारून सुवर्ण घेतलं. चार सेकंदांत पाच गोळ्या म्हणजे पिस्तुलाला चार वेळा स्वतःच भरायचं असतं. त्यातलं एक काडतूस जरी तिरकं गेलं, तरी ती मालिका नेमबाजाच्या हातून निसटू शकते.

महिलांच्या 25 मीटर पिस्तुलात महाराष्ट्राचं नाव मोठं आहे. 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत पुण्याच्या अनिसा सय्यदने वैयक्तिक सुवर्ण जिंकलं आणि कोल्हापूरच्या राही सरनोबतबरोबर जोडीचंही. 22 ऑगस्ट 2018 रोजी पालेमबांगला आशियाई स्पर्धेच्या अंतिम फेरीत राही आणि थायलंडची नफास्वान यांगपायबून 34 गुणांवर बरोबरीत राहिल्या. शूट-ऑफमध्ये दोघींनी पाचांपैकी चार मारल्या. पुन्हा शूट-ऑफ झाला, त्यात राहीने तीन आणि नफास्वानने दोन मारल्या. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं सुवर्ण जिंकणारी राही ही पहिली भारतीय महिला. पाच-पाच काडतुसांची मॅगझिनं बदलत चाललेल्या त्या झुंजीत एका गोळीवर पदकाचा रंग ठरला. पिस्तुलाची वही ठेवणं, मॅगझिनला आकडे घालणं या बारीक कामांची किंमत अशा वेळी कळते.

आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाचा नियम या बाबतीत शिक्षकासारखा आहे. पिस्तूल अडलं की नेमबाजाने ते पकडूनच ठेवायचं, नळी निशाण्याकडे ठेवायची, मोकळा हात वर करायचा आणि पंचाला बोलवायचं. काडतूस अडकलं, पुंगळी बाहेर आली नाही, फायरिंग पिन तुटली असे अडथळे मान्य होतात. पण पंचाने पाहण्याआधी नेमबाजाने यंत्रणेला हात लावला, सेफ्टी काढायला विसरला, ठरल्यापेक्षा कमी काडतुसं भरली, आधीच्या गोळीनंतर चाप पुरेसा सोडला नाही किंवा मॅगझिन नीट बसवलं नाही, तर तो अडथळा अमान्य. नेमबाजाला स्वतःच दूर करता आलं असतं असं कारण असेल, तरीही अमान्य. नव्या पिस्तुलाच्या मालकाने ही यादी घरी लावून ठेवावी इतकी ती उपयोगाची आहे. मान्य आणि अमान्य अडथळे वेगळे करताना यंत्राचा दोष आणि माणसाची चूक आपोआप वेगळी होते.

चापाचा आणि मॅगझिनचा दोष असा माणसाकडे जातो, तसाच पकडीचाही. स्लाइड मागे जाताना पिस्तुलाचा सांगाडा स्थिर राहिला तरच तिला पूर्ण प्रवास मिळतो. मनगट ढिलं असेल तर सांगाडाही स्लाइडबरोबर मागे जातो, धक्क्याची ताकद वाटून जाते आणि स्लाइड अर्ध्यावरून परत फिरते. हलक्या पिस्तुलात हे जास्त जाणवतं. तपास सोपा आहे: तेच पिस्तूल, तेच मॅगझिन, तीच काडतुसं, फक्त हात अनुभवी नेमबाजाचा. अडथळा नाहीसा झाला तर पुढचे काही दिवस पकडीवर घालवायचे. दुसरी एक सवय म्हणजे पहिलं काडतूस भरताना स्लाइड हाताने धरून हळूहळू पुढे नेणं. काळजीपोटी लोक असं करतात, पण रिकॉइल स्प्रिंगला तिची पूर्ण झेप मिळायला हवी. स्लाइड मागे ओढून सोडून द्यायची.

मग खरोखर नवेपणामुळे येणारे दोष कोणते? कारखान्यातून निघताना पिस्तुलाला गंज लागू नये म्हणून घट्ट तेल-ग्रीस फासलेलं असतं. ते वंगण नव्हे. ते पुसून, नळी आणि चेंबर साफ करून, सांगितलेल्या जागी थोडं योग्य तेल दिल्याशिवाय पहिली गोळी झाडू नये. स्लाइडच्या खाचा एकमेकींवर घासून गुळगुळीत व्हायला आणि स्प्रिंगा जरा बसायला काही फैरी जातात. कार या अमेरिकी कंपनीच्या पुस्तिकेत पहिल्या 200 फैरी झाल्याशिवाय पिस्तुलावर भरवसा ठेवू नये असं सरळ लिहिलेलं असतं. भारतीय परवानाधारकाची अडचण इथे खरी आहे. वर्षाला किती काडतुसं घ्यायची हे परवान्यावर ठरलेलं असतं, आणि 200 फैरींत अनेकांचा वर्षाचा वाटा संपून जाईल. म्हणून प्रत्येक फैर रेंजवर, वहीत नोंद करत झाडणं आपल्याकडे अधिकच गरजेचं ठरतं. घरी सराव करायचा तर फक्त डमी काडतुसांवर. खऱ्या काडतुसाने भरण्याची चाचणी घरात कधीच घेऊ नये.

रेंजवरच्या दोन इशाऱ्यांत तडजोड नाही. चाप ओढूनही आवाज झाला नाही, तर नळी निशाण्याकडे धरून किमान अर्धा मिनिट थांबायचं. काडतूस उशिरा पेटू शकतं. आणि आवाज नेहमीपेक्षा फुसका आला, तर पुढची गोळी झाडायचीच नाही. आधीची गोळी नळीत अडकलेली असू शकते, आणि तिच्यामागून दुसरी सुटली तर नळी फुटू शकते.

आता पाचोरीकडे परत. तिथल्या सिकलीगर समाजाचा हत्यारांना धार आणि झळाळी देण्याचा वारसा मोठा आहे, आणि त्यांतल्या काही हातांनी गावठी पिस्तुलं घडवली हेही खरं. पण अर्धस्वयंचलित पिस्तूल हातोडा-कानशीवर घडवताना कौशल्य नेमकं या वरच्या काडतुसापाशी थकतं. मॅगझिनचे ओठ, चेंबरचा व्यास, आकडीचा दाब हे सगळं एकमेकांशी मिलिमीटरच्या बारीक अंशांत जुळावं लागतं, आणि स्प्रिंगचं पोलादही दर वेळी सारखंच लागतं. कारखान्यात मापं गेजवर तपासतात, नळीची दाबचाचणी होते, एका पिस्तुलाचं मॅगझिन त्याच बनावटीच्या दुसऱ्याला लागतं. गावठी पिस्तुलात यातलं काहीच नसतं, म्हणून ते धरणाऱ्यालाही धोक्याचं असतं. 2019 च्या दुरुस्तीनंतर बेकायदा शस्त्र बनवण्या-विकण्याला किमान सात वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप अशी शिक्षा आहे.

याच्या अगदी उलट टोकाला महूच्या इन्फंट्री स्कूलमधलं उदाहरण आहे. लेफ्टनंट कर्नल प्रसाद बनसोड यांनी पुण्याच्या एआरडीई या संरक्षण प्रयोगशाळेबरोबर 'अस्मी' हे 9 मिलिमीटरचं मशीन पिस्तूल अवघ्या चार महिन्यांत उभं केलं. जानेवारी 2021 मध्ये ते जाहीर झालं. नमुने घडवताना थ्रीडी प्रिंटिंगचा वापर केला होता. एखादा भाग छापायचा, जोडायचा, चुकला तर माप बदलून पुन्हा छापायचा. वरच्या काडतुसाशी झगडणाऱ्या ब्राउनिंगला हाच फेरा धातू कापत करावा लागला होता.

बुऱ्हाणपूरसारख्या शहरात लेथवाले आणि मागाचे मिस्त्री हाताशी असतात. मॅगझिन, काडतूस, पकड, सफाई हे सगळं तपासूनही अडथळा राहिला, तर "रॅम्प जरा घासून दे" असं एखाद्या ओळखीच्या मिस्त्रीला सांगण्याचा मोह होतो. 1959 च्या शस्त्र कायद्यानुसार दुरुस्तीसाठीही परवाना लागतो, त्यामुळे हे काम अधिकृत विक्रेता किंवा परवानाधारक गनस्मिथकडेच जायला हवं. आणि कायदा बाजूला ठेवला तरी घासलेला धातू परत येत नाही, शिवाय कंपनीची हमी तिथेच संपते. पिस्तूल पाठवताना सगळी मॅगझिनं बरोबर द्यावीत, काडतुसाची कंपनी आणि लॉट लिहावा, आणि कितव्या फैरीला, कोणत्या मॅगझिनवर, काडतुसाचं नाक वर होतं की खाली, पुंगळी आत राहिली होती की खिडकीत, स्लाइड किती मिलिमीटर उघडी राहिली, हे वहीतून उतरवून द्यावं. अडकलेल्या अवस्थेचा मोबाइलवरचा फोटो जोडला तर गनस्मिथला रॅम्पपासून सुरुवात करावी की आकडीपासून, ते पिस्तूल उघडण्याआधीच समजतं.